घसरगुंडीच्या पोटातली जाळी

८ जानेवारी

ही वही बायकोनं आणून दिली. हृदयात स्प्रिंग बसवून घरी आलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय आता ठीक आहे, तोंड सांभाळा." म्हणजे ओरडू नका. कारखान्यात ओरडायचं नाही, घरात ओरडायचं नाही, मग माणसानं जायचं कुठे? बायको म्हणाली, "यात ओरडा. आणि रोज निदान एका माणसाचं काहीतरी चांगलं लिहा." ती बालवाडीत शिकवते. पोरांशी बोलते तशीच माझ्याशी बोलते.

तर चांगलं: बायकोनं वही आणली. रेघा असलेली आणली असती तर बरं झालं असतं. पण असो.

१२ जानेवारी

ओरडलो नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण आजच्या दिवसात चांगलं म्हणावं असं एवढंच घडलं.

सकाळी उद्यान विभागाच्या इंजिनिअरबाई आल्या. मागे टेम्पो, टेम्पोत आमच्याच शेडमध्ये बनलेली फायबरची पिवळी घसरगुंडी. खालच्या वळणावर, जिथे पोरं धपकन येऊन आदळतात, तिथे आडवा तडा गेलेला आणि तड्याच्या काठाला फायबरची एक ढलपी सुरीसारखी वर आलेली. बाईंनी बोट न लावता नुसतं दाखवलं.

"एका मुलीची पँट फाटली. मांडी वाचली. पुढच्या वेळी वाचेलच असं नाही."

मी म्हणालो, पुढची जाड करून देतो.

"जाड केलीत तर तडा उशिरा जाईल. पण कधीतरी जाईलच ना? तो गेल्यावर काय होणार, ते मला सांगा."

लहान मुलांच्या नव्या इस्पितळाच्या अंगणातल्या घसरगुंड्या आमच्याकडूनच जायच्या होत्या. बाई म्हणाल्या, फुटली तरी कुणाला कापणार नाही अशी एक फेब्रुवारी संपायच्या आत दाखवा, नाहीतर मी पत्र्याची मागवते. बरोबरच आहे त्यांचं. पण हे काम गेलं तर शेडला कुलूप.

शेडमध्ये आम्ही तिघंच. मी, रेडिओ आणि ताई. रेडिओ आमचा कारागीर. सकाळी एकदा सुरू झाला की बंद होत नाही, म्हणून ते नाव. ताई माझी थोरली बहीण. आई-वडील लागोपाठ गेले तेव्हा मी शाळेत होतो. तिनंच मला वाढवलं, हा धंदा शिकायला पाठवलं, माझं लग्न लावून दिलं. तिचं स्वतःचं राहून गेलं. तिला तसली आवडच नव्हती म्हणा. कधी विषयच काढला नाही तिनं.

१५ जानेवारी

आज एक देवमाणूस भेटला.

दुपारी प्लास्टिकच्या जाळीचा विक्रेता आला. बाटल्यांना, फळांना, कुंपणाला लागणारी जाळी विकतो. उंच, किंचित वाकलेला, केस पांढरे पण व्यवस्थित कापलेले. मी म्हणणार होतो, आम्हाला जाळी लागत नाही, पुढे व्हा. तेवढ्यात त्यांचं लक्ष दारातल्या फुटक्या घसरगुंडीकडे गेलं. उकिडवे बसून बराच वेळ तो तडा न्याहाळत राहिले. मग म्हणाले,

"मालक, हिच्या पोटात जाळी का घालत नाही?"

"पोटात?"

"गाडीची पुढची काच फुटते पण खाली सांडत नाही. का? आत एक पातळ पडदा असतो, तो तुकडे धरून ठेवतो. तसंच. काही कारखाने फायबरच्या दोन थरांमध्ये आमची जाळी घालतात. वजन वाढत नाही, ताठपणा येतो, आणि फुटलंच तर एकसंध राहतं."

ताई लांब उभी राहून रोलर धूत होती. रोलर तसाच ठेवून पुढे आली आणि म्हणाली, "वळणावर बसेल का पण ती? काचतंतूंची मॅट ओली झाली की कापडासारखी वळते. जाळी उसळी मारेल."

ते उठून उभे राहिले. म्हणाले, "हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता, मॅडम."

नमुन्याचे तुकडे ठेवून गेले. फुकट!

२१ जानेवारी

जाळीवाले तिसऱ्यांदा येऊन गेले. छोट्या कारखान्यासाठी एवढी पायपीट कोण करतं? येतात, ताईजवळ उभे राहतात, जाळी वळवून बघतात, पुन्हा वळवून बघतात. धंद्यावर निष्ठा असावी तर अशी.

सगळी दुनिया माझ्या बहिणीला ताई म्हणते. इंजिनिअरबाईसुद्धा. हे एकटेच मॅडम म्हणतात. आज मी म्हटलं, "अहो, परकेपणा कशाला? तुम्हीही ताईच म्हणा." त्यांना चहाचा असा ठसका लागला की रेडिओला पाठ थोपटावी लागली. साधा माणूस. जवळीक दाखवली की गांगरतो.

ताईनं शेडवरच्या चहात साखर कमी केली आहे. माझ्या तब्येतीसाठी. काही बोलून दाखवत नाही, पण किती काळजी करते! जाळीवाल्यांनाही मधुमेह आहे, तेव्हा त्यांचीही आपोआप सोय झाली.

२६ जानेवारी

पहिला नमुना केला. घसरगुंडीचं नुसतं खालचं वळण. साच्यात आधी रंगाचा थर, मग काचतंतूंची मॅट, वर रेझिन, म्हणजे सुकून टणक होणारी राळ, ओतून रोलरनं हवा काढली, मग जाळी, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. जाळी आम्ही बारीक विणीची घेतली. मीच म्हणालो, जितकी दाट तितकी भक्कम. जाळीवाल्यांच्या मनात जरा मोठ्या भोकांची होती, पण मी मालक पडलो, तेव्हा ते गप्प बसले.

ताई काम करताना जाळीवाले पलीकडून जाळीचं टोक धरून उभे होते. वळणावर जाळी उसळी मारायची, तेव्हा ताई म्हणायची, "धरा," आणि ते धरायचे. मग ताई म्हणायची, "सोडा आता." तर त्यांच्या ते लक्षातच यायचं नाही. इतके कामात बुडालेले.

ताईनं आईची कानातली घातली होती. कुठे जायचंय का, असं विचारलं. म्हणाली, "नाही, सहज." रेझिनचे डाग पडतील म्हणून सांगितलं मी तिला.

२८ जानेवारी

सगळं मातीत गेलं.

नमुना साच्यातून काढला. दिसायला झकास. ताईनं कडेला पटाशी लावून जरा उचकटलं, आणि केळ्याची साल निघावी तसा वरचा थर जाळीवरून सुटून आला. आत कोरडी जाळी, मधे मधे हवेचे फुगे. रेझिननं तिला धरलंच नव्हतं.

जाळीवाले आले तेव्हा मी तो तुकडा त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी कारणं दिली नाहीत. म्हणाले, "या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही, मालक. हे मी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायला हवं होतं. खालचं रेझिन आणि वरचं रेझिन भोकातून एकमेकांना भेटलं पाहिजे. ही भोकं त्याला फार लहान पडली."

मग माझा तोल गेला. काय काय बोललो ते लिहीत नाही. रिकामटेकडा म्हणालो. आमच्या जिवावर प्रयोग करतोस म्हणालो. पुन्हा इथे पाय ठेवू नकोस म्हणालो. छातीत धडधडायला लागलं तेव्हा थांबलो. जाळीवाल्यांनी स्वतःच्या हातानं मला पाणी दिलं आणि निघून गेले.

आज कुणाचं चांगलं लिहू? पाण्याचंच लिहितो.

१ फेब्रुवारी

ताई बोलत नाही. काम करते, जेवते, झोपते. चहात मुठीनं साखर घालते आहे. इतका गोड चहा घशाखाली उतरत नाही, पण सांगायची हिंमत नाही. नमुना फसल्याचं तिनं फारच मनाला लावून घेतलंय.

रेडिओ म्हणाला, "मालक, एक सांगू का? ताईंना नमुन्याचं दुःख नाही हो, त्यांना..." मी म्हटलं, तुझा आवाज बंद कर आणि साचा पूस. आश्चर्य म्हणजे खरंच बंद झाला.

३ फेब्रुवारी

बायको म्हणाली, "जा आणि त्या माणसाची माफी मागा."

मी म्हटलं, जाळीवाले काय, छप्पन्न मिळतील.

"मिळतील. पण हा मिळणार नाही," ती म्हणाली आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायला लागली.

४ फेब्रुवारी

गेलो. मोठ्या रस्त्यामागे एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. दोनच खोल्या, पण काय नीटनेटक्या! खिडकीत वेल जाळीवर चढवलेला. टेबलावर कात्री, आणि हातानं कापलेले जाळीचे तुकडे, लहान भोकांपासून मोठ्या भोकांपर्यंत ओळीनं मांडलेले. एका पाटीवर त्यांनी स्वतःच रेझिन ओतून पाहिलं होतं. मी हाकलून दिल्यानंतर! बायको जाऊन बरीच वर्षं झालीत, मुलगी परदेशात. स्वयंपाक स्वतः करतात. फडताळात एकच जुना कप आणि शेजारी दोन कोरे करकरीत.

मी माफी मागितली. मला ते येत नाही, म्हणून उभ्यानंच मागितली आणि घाईनं. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तुमच्या जागी मीही चिडलो असतो." हे खोटं होतं. हा माणूस चिडत असेल असं वाटत नाही.

मग चहा करता करता पाठमोरेच म्हणाले, "मालक, आलाच आहात तर एक बोलायचं होतं. मॅडमविषयी. तुमची संमती असेल तर... म्हणजे त्यांनाही विचारायला हवंच, पण आधी तुम्ही..."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, "आधी हे काम पार पडू द्या, मग बघू," आणि चहा तसाच सोडून निघालो.

हा माणूस ताईला आपल्या कंपनीत नेणार! तिचा हात त्यानं बघितलाय. असं रोलर फिरवणारं माणूस कोणाला नको असेल? सज्जन आहे म्हणून मला आधी विचारतोय, एवढंच.

६ फेब्रुवारी

रात्रभर विचार करून सकाळी रंगाचा डबा घेतला आणि शेडवरच्या पाटीवर माझ्या नावाखाली ताईचं नाव लिहिलं. भागीदार. हे मी कधीच करायला हवं होतं. तिला बोलावून दाखवलं.

"हे काय एकदम?" ताई म्हणाली.

"तुला कोणी पळवू नये म्हणून."

"मला?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "कोण पळवतंय?"

"जाळीवाले. मला सगळं कळलंय. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांनी परवा जवळजवळ बोलूनच दाखवलं. तुला त्यांच्या कंपनीत न्यायचंय."

ताईनं आधी तोंडावर हात धरला. मग स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबलं, पाणी मात्र थांबेना. पाटीकडे बघून म्हणाली, "अक्षर वाकडं आलंय रे, बाळ्या." कौतुक केलं की ती अशीच करते. जेवणाचा डबा द्यायला आलेली बायको का कोण जाणे शेडच्या मागे जाऊन उभी राहिली होती. तिचे खांदे हलत होते. तिलाही भरून आलं असावं. चांगल्या बायका आहेत माझ्या घरात.

९ फेब्रुवारी

जाळीवाले परत आले. चहा पुन्हा कमी साखरेचा. म्हणजे ताईचं मन ताळ्यावर आलं.

मोठ्या भोकांची जाळी आणली आहे, करंगळी जाईल एवढी भोकं. जाळी आधी कढत पाण्यात बुडवून वळणाच्या आकारात दाबून ठेवायची, म्हणजे उसळी मारत नाही, ही ताईची युक्ती. मग पुसून खडखडीत कोरडी करायची. रेझिन ओतलं तेव्हा ते भोकाभोकातून वर येताना दिसलं. आम्ही चौघं साच्यावर ओणवे. ताई हळूच म्हणाली, "भेटलं बघा." जाळीवाले म्हणाले, "हो. भेटलं." रेडिओ खोकला. रेझिनच्या वासानं त्याला हल्ली फार खोकला येतो. त्याला नवा मास्क आणून द्यायला हवा.

१२ फेब्रुवारी

पटाशी लावली. सुटलं नाही. हातोडीनं ठोकलं, सुटलं नाही. ताईनं पटाशी माझ्या हातात दिली, "तू बघ." मी सगळी ताकद लावली. थर काही हलला नाही, पटाशीचं टोक तेवढं वाकलं.

जीव भांड्यात पडला.

१९ फेब्रुवारी

पुरी घसरगुंडी साच्यातून निघाली. आकाशी रंगाची. जुनीपेक्षा हलकी, रेडिओनं आणि मी सहज उचलली. जाळीवाले सुट्टी घेऊन आले होते. काल शेडला सुट्टी होती, तर ताई त्यांच्याबरोबर त्यांचा कारखाना बघायला गेली होती. वितळलेल्या प्लास्टिकची जाळी यंत्रातून मोज्यासारखी कशी खाली येते, ते मला सांगत होती. इतकं रंगून मी तिला कधी बोलताना ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशीही धंद्याचाच विचार. अशा बहिणीसाठी नशीब लागतं.

२४ फेब्रुवारी

इंजिनिअरबाईंनी वाळूची पोती आणली होती. उंचावरून वळणावर सोडली. एक सोडलं, काही नाही. जड सोडलं, काही नाही. मला वाटलं झालं. पण बाईंनी घण मागवला.

"फुटू द्या," त्या म्हणाल्या. "मला फुटलेलीच बघायची आहे."

रेडिओनं घण हाणला. पहिल्या घावाला नुसता आवाज. पुढच्या घावांना मात्र कचकन तडा गेला. रेडिओ थांबला. बाई पुढे झाल्या. हातातला मोजा काढला आणि उघड्या तळव्यानं तड्यावरून हात फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मी डोळे मिटले.

"बघा," त्या म्हणाल्या.

तळवा स्वच्छ होता. तडा होता, पण ढलपी नव्हती. दोन्ही बाजू जाळीनं घट्ट आवळून धरलेल्या. सुरी नाही, धार नाही.

"तडा दिसला की बदलायची, हे त्यावर लिहा," बाई म्हणाल्या. "आणि इस्पितळासाठी कामाला लागा."

मी वळलो तर ताई आणि जाळीवाले शेजारी शेजारी उभे, आणि ताईनं त्यांची बाही पकडलेली. भीतीनं माणूस काहीही पकडतो. मी रेडिओचा दंड पकडला होता.

२० मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. काम होतं. आजचं मात्र लिहायलाच हवं.

इस्पितळाच्या अंगणात घसरगुंडी बसवली. पहिली आली ती टक्कल केलेली एक मुलगी, हाताला सुईची पट्टी. नर्सनं वर चढवलं. खाली बघून ती घाबरली, बसूनच राहिली. तिचे बाबा खाली हात पसरून उभे. "मी आहे ना," म्हणाले. ती आली. वळणावर धपकन आदळली, क्षणभर रडू की हसू असा चेहरा केला, आणि म्हणाली, "पुन्हा."

मी जरा बाजूच्या बाकावर जाऊन बसलो. ताई शेजारी येऊन बसली.

"बाळ्या, मला लग्न करायचंय."

"कुणाचं?" मी विचारलं.

"माझं."

मी तिच्याकडे बघितलं. मग अंगणाच्या त्या टोकाला नटबोल्ट आवळत असलेल्या जाळीवाल्यांकडे बघितलं. ते नटबोल्ट आवळत नव्हते. पाना हातात धरून आमच्याकडे बघत होते.

छातीवर हात गेला माझा. ताई घाबरली. "गोळी कुठाय तुझी? खिशात आहे का?"

"दुखत नाहीये," मी म्हणालो. "ताई, पण या वयात?"

"याच वयात," ती म्हणाली. "आधी वेळ नव्हता."

तिनं हे मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच लागलं.

२२ मार्च

बायकोला विचारलं, तुला माहीत होतं?

"अहो, माझ्या बालवाडीतल्या पोरांना कळलं असतं."

रेडिओला माहीत होतं. इंजिनिअरबाईंना माहीत होतं. एवढंच काय, टेम्पोवाल्यालाही माहीत होतं. मी चिडलो. फार चिडलो. घर कसं चालेल, शेडचं काय, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. बायको ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई शेडवर येणारच आहेत. घर मी चालवतेच आहे. आणि लोक म्हणजे तुम्हीच ना?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. संध्याकाळी घरी आलो आणि ती नसली तर? शाळेत होतो तेव्हापासून आजपर्यंत असा एकही दिवस गेला नाही. ती घरी असायची, इतकंच मला ठाऊक. तिला कुठे जायचं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

मग जाळीवाल्यांचं घर आठवलं. मी त्यांना हाकलून दिलं होतं, तरी ते माझ्यासाठी रेझिन ओतत बसले होते. माझ्यासाठी नव्हे म्हणा.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, "त्या दिवशीचा चहा राहिलाय माझा."

त्यांनी लगेच आधण ठेवलं. चहा फक्कड झाला होता, साखर नसूनही.

६ एप्रिल

आज नोंदणी कचेरीत लग्न झालं. लांबट खोली, भिंतीला बाकं, खिडकीत पंखा घरघरत होता. आमच्या आधी एक तरुण जोडपं, त्यातल्या मुलीची आई सारखी रडत होती. ताईनं साधेच कपडे घातले होते. पण चेहरा! हा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता, की बघितला होता आणि ओळखला नव्हता, कोण जाणे. भावोजींना सही कुठे करायची तेच सापडेना. ताईनं कागद धरला. "हं, करा आता," म्हणाली.

रेडिओ सबंध वेळ गप्प होता. इतके दिवस त्यानं हे पोटात ठेवलं, त्याचेही आभार. त्याला किती जड गेलं असेल!

मग साक्षीदारांच्या सह्या. कारकुनानं वर न बघताच विचारलं, "वधूचे कोण तुम्ही?"

भाऊ, असं सांगायला तोंड उघडलं. पण शब्द भलताच निघाला. "तिनं वाढवलेला आहे मी."

कारकुनानं पेन थांबवलं आणि वर बघितलं. माझ्याकडे, मग ताईकडे. मान खाली घातली आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "तसा रकाना नाही, काका. भाऊ लिहितो."

"लिहा," मी म्हणालो, आणि सही केली.